राजूरच्या टेकडीवरील हिवाळी पाहुणा

जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भोकरदन तालुक्यात, टेकडीवर वसलेले राजूर हे गणेशभक्तांचे मोठे स्थान. गणपतीच्या साडेतीन पीठांमध्ये राजुरेश्वराची गणना होते. चतुर्थीला, विशेषतः अंगारकीला, येथे भाविकांची रीघ लागते. जालना जिल्ह्यात जंगल अत्यल्प आहे. त्यामुळे बांधावरच्या बाभळी, कडुनिंब, चिंच आणि ओढ्याकाठची झुडपे हेच येथील पाखरांचे वन.

या झाडांवर सप्टेंबरच्या सुमारास एक चिमुकला पाहुणा उतरतो आणि एप्रिलपर्यंत राहतो. त्याचे नाव हिरवट पर्णवटवट्या. चिमणीहून लहान, वजनाने जेमतेम ८ ग्रॅम. हिमालयात व त्याही पलीकडे त्याची घरटी असतात. इतका इवला जीव दरवर्षी डोंगररांगा ओलांडून दख्खनच्या पठारावर येतो. पानांच्याच रंगाचा असल्यामुळे झाडाखालून जाणाऱ्यास तो दिसत नाही. ऐकू मात्र येतो.

त्याची ओळख पटवणे हे खरे कसोटीचे काम. पाठ हिरवट, पोट पांढुरके, डोळ्यावर फिकट लांब भुवई आणि पंखावर एकच बारीक फिकट रेघ, ही त्याची लक्षणे. पिसे झिजली की ती रेघही नाहीशी होते. म्हणून एका खुणेवर निर्णय न देता सर्व खुणांचा मेळ घालावा लागतो. जमाखर्चाच्या दोन्ही बाजू जुळल्याखेरीज व्यापारी वही मिटत नाही, तसेच हे आहे.

सुभग पक्षीही हिरवट-पिवळा असतो. पण त्याच्या काळसर पंखावर दोन ठळक पांढरे पट्टे असतात व चोच जाड असते. चष्मेवाल्याच्या डोळ्याभोवती शुभ्र कडे असते. शिंप्याचे कपाळ तांबूस, चोच लांब आणि शेपटी बहुधा उभारलेली. हे तिघे ओळखणे सोपे. अवघड जाते ते त्याच्याच भाऊबंदांपासून वेगळे करणे. पिवळसर पोटाचा पर्णवटवट्या पाठीने करडा-तपकिरी असतो, त्याच्या पंखावर रेघ नसते आणि तो खडकांवर व झाडांच्या बुंध्यांवर सरपटल्यासारखा फिरतो. हिरवट पर्णवटवट्या मात्र शेंड्याकडील पानांत रमतो. तपकिरी छटेचा चिफचॅफ काळ्या पायांवरून आणि रेघ नसलेल्या पंखावरून कळतो.

अखेरचा निर्णय बहुधा कानच देतो. ‘चिस्‌-ली’ अशी दोन अक्षरी, तीक्ष्ण साद दिवसभर घुमत असेल, तर पाहुणा आलाच म्हणून समजावे. इंग्लंडमधील सेलबोर्नचे धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ मध्ये दिसायला जवळपास सारख्या असलेल्या तीन पर्णवटवट्यांतील भेद मुख्यतः आवाजावरूनच ओळखला होता. तेव्हा आजच्यासारख्या दुर्बिणी व कॅमेरे नव्हते. होता तो केवळ धीर.

ही ओळख निव्वळ हौसेची नाही. आपल्या व्यापारी कुटुंबांत पाखरांना दाणे घालण्याची परंपरा आहे. चबुतऱ्यावर ज्वारी टाकली की पारवे आणि चिमण्या तृप्त होतात. पण पर्णवटवट्या दाणा खात नाही. पानांवरचे बारीक कीटक व अळ्या हेच त्याचे अन्न. मूठभर धान्याचे पुण्य त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याला हवे असते ते झाड, आणि तेही विषारी फवारणीपासून वाचलेले. बांधावरची जुनी बाभूळ तोडली गेली, तर हजारो मैलांवरून आलेल्या त्या जिवाचा आसराच हिरावला जातो, आणि कोणाला त्याची खबरही लागत नाही.

ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याची उणीवही जाणवत नाही. म्हणून राजुरेश्वराच्या दर्शनास हिवाळ्यात जाणाऱ्यांनी एखाद्या कडुनिंबाखाली पाच मिनिटे निवांत उभे राहावे आणि ती दोन अक्षरी साद मुलांना ऐकवावी. शेतमालक असणाऱ्यांनी बांधावरचे एक तरी झाड राखावे. जीवदयेचे हे दान दिसणारे नाही. पण सप्टेंबरमध्ये परतणारा पाहुणा ते नेमके शोधून काढतो.