हातही दाखवा, पायही

केळापूर तालुक्यात आशा स्वयंसेविका म्हणून घरोघरी फिरताना जाड झालेले हात आणि फुटलेल्या टाचा रोजच दिसतात. पऱ्हाटीचं निंदण, डवरणी, फवारणी, वेचणी यातच इथल्या माणसांचं वर्ष सरतं. त्यामुळे म्हाताऱ्याचा तळवा राठ झाला तर लोक कामाचे घट्टे समजून सोडून देतात. लेकराचा झाला की मात्र महारोगाची कुजबुज सुरू होते.

कुष्ठरुग्ण शोधमोहिमेत मी अशाच एका घरी गेले. मुलीचे दोन्ही तळहात आणि दोन्ही तळवे पिवळट, जाड होते; कडेला लालसर रेघ आणि त्यापुढे निरोगी कातडी. शाळेत तिच्याजवळ कोणी बसत नव्हतं. तिला डोळे मिटायला सांगून मी बॉलपेनचं टोक हलकेच टेकवत गेले. प्रत्येक जागा तिने बोटाने अचूक दाखवली, म्हणजे संवेदना शाबूत होती. आजी म्हणाली, "ताई, तिच्या बापाचे बी लहानपणापासून असेच हायेत."

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात निदान झालं : आनुवंशिक आजार, स्पर्शाने न पसरणारा. युरियाचं मलम नियमित लावलं की कातडी मऊ राहते.

तिथल्या डॉक्टरांनी समजावलेलं मी आजही वापरते. घट्टा दाब पडतो तिथेच येतो, काम थांबलं की कमी होतो. सोरायसिस असेल तर कोपर, गुडघे, डोकं, नखंही पाहायची. दोन्ही पाय आणि एकच हात कोरडा, रेषांत पिठासारखा कोंडा, असं असेल तर बुरशीची शंका घ्यायची. कातडीचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला की कळतं. अशा वेळी दुकानातून स्टेरॉइडचं मलम आणून चोळलं तर खाज दबते आणि बुरशी वाढते.

त्याच मोहिमेत एका आजोबांच्या टाचेत खोल भेग होती, आत जखम होती, पण दुखत नव्हती. पेनचा स्पर्शही त्यांना कळला नाही. तपासणीत कुष्ठरोग निघाला. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, प्रकारानुसार 6 किंवा 12 महिने. उशीर झाला तर मात्र मेलेली संवेदना बहुतेकदा परतत नाही.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे : जाड कातडी नुसती पाहून कोणाला वाळीत टाकू नका आणि न दुखणारी जखम घरी ठेवू नका.