काकाची कॅसेट

डोंबिवलीहून काकाचा फोन आला की मी 'हॅलो' म्हणायच्या आधीच लॅपटॉप उघडायला लागलो होतो. वाक्य ठरलेलं असायचं.

"अरे, दादा परत थांबला बघ."

दादा म्हणजे माझे बाबा. ते २०१९ मध्ये गेले. थांबायची ती त्यांच्या आवाजाची एक फाइल. चिपळूणला आमच्या टीव्हीखालच्या कपाटात तळहाताएवढा एक कॉम्प्युटर ठेवलाय, त्याच्यावरून ती डोंबिवलीत काकाच्या टॅबवर वाजायला हवी होती. वाजायचीही. चार-पाच मिनिटं. मग ते गोल गोल फिरणारं चक्र.

आणि मी बंगळुरूला. म्हणजे सर्व्हर एका गावात, ऐकणारा दुसऱ्या, आणि दुरुस्त करणारा तिसऱ्याच. अशा कामाचे मला ऑफिसात पैसे मिळतात. घरचं काम मात्र सात महिने जमत नव्हतं.

काका १९८८ ते १९९९ मस्कतला होता, एसी दुरुस्तीच्या कामावर. तेव्हा आयएसडी कॉल म्हणजे घड्याळाकडे बघत बोलायचा. पत्रं लिहायचा दोघांनाही कंटाळा. मग कॅसेट. बाबा टू-इन-वनसमोर बसून बाजू अ भरायचे आणि गावातलं कुणी मस्कतला निघालं की त्याच्या बॅगेत ती कॅसेट टाकायचे. काका तिकडे ऐकून, त्याच कॅसेटच्या बाजू ब वर उत्तर भरून परत पाठवायचा. दोन-अडीच महिन्यांनी उत्तर मिळायचं. बाजू ब ऐकून झाली की तीच कॅसेट परत मस्कतला जायची, काकाकडे राहायला. तो कायमचा परत आला तेव्हा त्या २३ कॅसेट एका रेक्झिनच्या पिशवीत घेऊन आला, आणि ती पिशवी चिपळूणच्या घरी माळ्यावर गेली.

माळ्यावर गेली म्हणून वाचली. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं आणि खाली होतं नव्हतं ते सगळं गेलं. फोटोंचे अल्बम तर चिखलाच्या विटा झाले होते. माळ्यावरची पिशवी मात्र कोरडी.

कॅसेट डिजिटल करायच्या हे त्या चिखलातच ठरवलं, पण मुहूर्त लागला २०२३ च्या दिवाळीत. जुन्या डेकचा रबरी बेल्ट सैल पडला होता, तो बदलून घेतला. हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला, लॅपटॉपवर ऑडेसिटी. या कामात शॉर्टकट नाही. ९० मिनिटांची कॅसेट उतरवायला ९० मिनिटंच लागतात, आणि साध्या वेव्ह फाइलमध्ये ती जवळजवळ ९५० एमबी होते. फ्लॅकमध्ये साधारण निम्मी. टेपची खरखर काढून टाकायचा मोह झाला होता. नाही काढली.

रेकॉर्डिंग चालू असताना स्पीकर बंद होते. आईच म्हणाली, "आवाज बंद ठेव रे, मला फराळाचं करायचंय." दोन गोष्टींचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. मलाही बाबांचा आवाज तेव्हा नकोच होता. आठ दिवस पडद्यावर नुसत्या निळ्या लाटा सरकताना बघत बसलो.

मग रास्पबेरी पाय ४ घेतला, त्याला दोन टीबीची हार्ड डिस्क जोडली, त्यावर जेलिफिन टाकलं. हे फुकट आणि ओपन सोर्स असतं, आपल्या घरच्या गाण्या-सिनेमांचं खासगी ओटीटीच म्हणा. घरच्या वायफायवर सगळं झकास चाललं. काकाला टॅबवर ॲप टाकून दिलं आणि मी बंगळुरूला निघून आलो.

चुलत बहीण, म्हणजे काकाची मुलगी, तेव्हाच म्हणाली होती, "पेन ड्राइव्हवर टाकून दे ना सरळ." मी तिला बॅकअप, सगळ्या भावंडांना ॲक्सेस, पुढेमागे अल्बमचे स्कॅन वगैरे बरंच ऐकवलं. खरं कारण एवढंच की पेन ड्राइव्ह कुणीही देतं.

पहिली भिंत लगेच लागली. बाहेरून घरच्या सर्व्हरवर यायचं तर राउटरमध्ये पोर्ट उघडून द्यावा लागतो. उघडला, तरी कुणी आत येईना. राउटरला मिळालेला पत्ता बघितला तर १०० ने सुरू होणारा, आणि जगाला आमचं घर दिसत होतं भलत्याच पत्त्यावर. याला सीजीनॅट म्हणतात. आयपीव्ही४ चे एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. तेव्हापासून कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवतात, आणि त्या आतल्या पत्त्यांसाठी १००.६४ ते १००.१२७ ही रेंज २०१२ पासून राखीव आहे. म्हणजे अख्ख्या चाळीला एकच टपालपेटी. आतून टाकलेलं पत्र बाहेर जातं, त्याचं उत्तरही बरोबर येतं. पण बाहेरच्या अनोळखी माणसाने आपणहून पाठवलेलं पत्र कुठल्या खोलीत द्यायचं हे पेटीला कळत नाही. मी माझ्या राउटरमध्ये कितीही दारं उघडली तरी मुख्य दरवाजा केबलवाल्याच्या ताब्यात. त्याला फोन केला, तर म्हणाला, "स्टॅटिक आयपी वरूनच येत नाही." आयपीव्ही६ म्हणजे काय हे त्याने मलाच विचारलं.

यावर उपाय म्हणजे टेलस्केल. घरचा पाय आणि काकाचा टॅब, दोघंही आतून बाहेर हाक मारतात. मधला एक सर्व्हर त्यांना एकमेकांचा ठावठिकाणा सांगतो आणि मग दोघं थेट बोलायला लागतात. थेट जमलंच नाही, तर सगळा माल मधल्या रिलेवरून फिरून जातो. चालतं, पण मंद. मला वाटलं, काकाची कॅसेट अडकते ती यामुळेच, कारण तपासलं की कधी 'डायरेक्ट' दिसायचं, कधी 'रिले'. म्हणून आवाजाची क्वालिटी कमी केली, म्हणजे पायने फाइल लहान करून पाठवायची.

काकाचा फोन आला. "थांबला."

मग मी ऑफिसात करतो तेच केलं. दर मिनिटाला घरच्या पायला पिंग करायचा आणि उत्तर आलं की नाही ते लिहून ठेवायचं. महिनाभराने आलेख काढला. त्यात आईचा दिवस दिसत होता. सकाळी साडेदहाच्या सुमारास खंड, म्हणजे लाइट गेली. चार मिनिटांनी परत, म्हणजे इन्व्हर्टरवर गेल्यावर राउटर पुन्हा सुरू झाला. मे महिन्यात दुपारनंतर तास-तासभर काहीच नाही. हे मात्र लाइटचं नव्हतं. वीज कडाडायला लागली की आई टीव्हीचं बटण बंद करते, आणि टीव्हीच्याच बोर्डावर सगळं. तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "तुझा डबा महत्त्वाचा की घर?" बरोबर होतं तिचं.

एका गोष्टीची मला सवय लागली, तीही सांगून टाकतो. आलेखावर हिरवी रेघ दिसली की मी आईला फोन करायचो नाही. घर चालू आहे, मग आईही ठीक असणार. आधी रोज बोलायचो, ते दोन-तीन दिवसांवर गेलं. तिने एकदा विचारलं, "काम वाढलंय का रे?"

राउटरसाठी छोटा यूपीएस पाठवला. हिरवी रेघ जवळजवळ सलग झाली. तरी काकाचा फोन आलाच, आणि त्या वेळी मी आलेखासमोरच बसलो होतो. पिंग व्यवस्थित चालू होता. दर मिनिटाला उत्तर, एकही चुकलं नव्हतं. बाबा मात्र थांबले होते.

हे आधीच सुचायला हवं होतं. पिंगला उत्तर येतं याचा अर्थ यंत्र जिवंत आहे इतकाच. यंत्राला काम जमतंय का, हे पिंग विचारतच नाही. मी काकाला म्हटलं, थांब, फोन ठेवू नकोस, परत लाव. आणि तो ऐकत असताना पायवर लॉगिन करून सिस्टिमचा लॉग बघत बसलो. चौथ्या मिनिटाला ओळ आली: अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड. पाठोपाठ यूएसबी डिस्क सुटल्याच्या ओळी. वीजपुरवठ्याची स्थिती विचारली तर उत्तर आलं ०एक्स५०००५. त्या पाचांचा अर्थ, व्होल्टेज आत्ता कमी आहे, वेग आत्ता घटवलाय, आणि हे दोन्ही आधीही झालंय.

आईला व्हिडिओ कॉल केला. "कपाटातल्या डब्याचा चार्जर दाखव." तिने दाखवला. कधीकाळच्या तिच्याच मोबाइलचा, एक ॲम्पिअरचा. पाय ४ ला पाच व्होल्टला तीन ॲम्पिअर देणारा लागतो.

"पांढरा होता तो कुठाय?"

"तो मी मोबाइलला लावलाय. त्याने पटकन चार्ज होतं. का रे? दिवा लागतोय की याच्यावर."

दिवा लागत होताच. त्या चार्जरवर पाय सुरू व्हायचा, पिंगला उत्तर द्यायचा, आईचा दिवस मला दाखवायचा. डिस्क फिरत ठेवून वर गाणं पाठवायचा ताण आला, की व्होल्टेज बसायचं. आणि फाइल लहान करून पाठवायचं जे काम मी वर लादलं होतं, त्याने ताणात भरच पडली असणार.

दोन चार्जर कुरिअरने पाठवले, एक डब्याला आणि एक आईच्या मोबाइलला.

पुढच्या महिन्यात ऑफिसच्या कामाने मुंबईला जाणं झालं, तेव्हा शनिवारी डोंबिवलीला गेलो. काकाने टॅब टीपॉयवर ठेवला आणि सात नंबर लावली. सात महिने तो सातच लावत होता, हे लॉगमध्ये मला दिसत होतं. आवडती असेल, एवढंच वाटलं होतं.

बाबांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. म्हणजे त्या वयाचा. माझ्याहून फार मोठा नव्हता तो माणूस. जून १९९४, माझ्या जन्माच्या तीन वर्षं आधी. काकाला ते एका नावाने हाक मारतात, ते आता कुणीच वापरत नाही. पाऊस वेळेवर आल्याचं सांगतात, आणि तो मागे कौलांवर ऐकूही येतो. फणसाचं, कुणाच्या तरी लग्नाचं. मग, "आईचं म्हणशील तर..." आणि खट्.

शांतता. मी सवयीने मोबाइल काढला. कनेक्शन डायरेक्ट, व्होल्टेज ठीक, फाइल पुढे सरकतेय. टॅबवर सेकंद पळत होते. मग बाबांचा आवाज परत आला, "आई बरी आहे. काळजी करू नको."

काकाने हात वर केला. "मागे घे."

घेतलं. तिसऱ्या वेळी मला कळलं तो काय ऐकतोय. खट् व्हायच्या आधी मागे एक खोकला सुरू होतो आणि अर्ध्यात तुटतो. खट् नंतर पाऊस नाही. म्हणजे बाबांनी पॉझ दाबला होता, आणि पुन्हा सुरू केलं तोवर बराच वेळ गेला होता.

आजी त्याच वर्षी श्रावणात गेली. काका पोचला तो दहाव्याला. तो टॅबकडे बघतच बोलत होता. मस्कतला खोलीत तिघं, डोक्यावर एसीची घरघर, त्यात ही कॅसेट एकदाच ऐकलेली. आईचा खोकला ऐकू आला होता असं त्याला नंतर सारखं वाटायचं. ऐकू आला होता, तर तेव्हाच तिकीट का काढलं नाही? आणि नव्हता, तर आपण हे कुठून आणलं? पिशवी माळ्यावर टाकली ती त्याने स्वतः. वीस-बावीस वर्षं परत काही लावून बघितलं नाही.

"बंद केलं त्याने," काका म्हणाला. "खोकला आला तसं बंद केलं. पाऊस थांबेपर्यंत बसून राहिला असेल, ती शांत व्हायची वाट बघत." मग जरा वेळाने, "मला कसं कळणार होतं?"

हे तो मला विचारत होता की सांगत होता, माहीत नाही. ताईने चहा आणला. बाजू अ आम्ही शेवटपर्यंत ऐकली. एकदाही अडकली नाही.

रात्री आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

"पाऊस कुठला थांबतोय जूनमध्ये," ती म्हणाली. "यांनी टेप बंद केला आणि आम्ही शेजारी गेलो, त्यांच्या स्लॅबच्या घरात. तिथे कौलांचा आवाज नाही की आईंचा खोकला नाही. टेप यांच्या हातात, छत्री माझ्या. मीच म्हटलं होतं, भाऊजींना नोकरी सोडून यायला लावू नका, हप्ते चालू आहेत." मग विचारलं, "तो नवा चार्जर गरम होतो रे. चालेल ना?"

चालेल म्हटलं.

शेजारच्या घराचं काकाला सांगितलेलं नाही. त्याने सात नंबर त्या दिवसानंतर लावलेली नाही. लॉगमध्ये दिसतं, सध्या तो तेराची बाजू ब ऐकतोय. म्हणजे त्याचाच आवाज.