मुंजीची कॅसेट

२०२१च्या पुरात चिपळूणच्या घरातलं खालचं कपाट गेलं. माळ्यावरची पिशवी तेवढी वाचली. त्यात सात व्हीएचएस कॅसेटी होत्या. आत्याचा तेव्हापासून धोशा, "अरे, त्याच्या डिस्क करून दे बाबा. पुढच्या पुराची वाट बघतोयस का?" पेनड्राईव्ह तिला चालत नाही. तिच्याकडे डीव्हीडी प्लेअर आहे आणि तिला डिस्कच हवी. झालं, लागलो कामाला!

पहिली अडचण व्हीसीआरची. हे यंत्र बनवणारी शेवटची जपानी कंपनीसुद्धा २०१६ मध्ये थांबली, म्हणजे नवीन मिळण्याचा प्रश्नच नाही. पुण्यात जुन्या बाजारात एक मिळाला, तो एका काकांनी दुरुस्त करून दिला. दोन कॅसेटींच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसत होती. काका म्हणाले, "ह्या आधी लावू नका हं. हेड खराब होईल, आणि ती बुरशी पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागेल." कोकणातल्या पावसाची कृपा, दुसरं काय!

बाकी जोडणी सोपी. व्हीसीआरमधून पिवळी, पांढरी, लाल वायर एका छोट्या डबीत, आणि डबी यूएसबीने कॉम्प्युटरला. पण ह्यात घाई चालत नाही. कॅसेट तीन तासांची, तर कॉम्प्युटरवर उतरायलाही तीनच तास. वर एका डीव्हीडीत चांगल्या दर्जाचं दोनेक तासच मावतं, म्हणजे एका कॅसेटीला दोन डिस्क. असो.

मला भीती होती ती मुंजीच्या कॅसेटची.

माझी मुंज मे १९९४ची. त्याच वर्षी दिवाळीनंतर आजोबा गेले. त्यांचे हलते-बोलते फोटो कुठे असतील तर ते फक्त ह्या कॅसेटीत. आणि ९ मार्च १९९६ ला बंगळूरला भारत-पाकिस्तान विश्वचषकाची क्वार्टर फायनल होती. बाबा कामावर. त्यांना आल्यावर दाखवायची म्हणून मला मॅच रेकॉर्ड करायची होती, आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. व्हिडिओवाल्याने मुंजीच्या कॅसेटची मागची प्लास्टिकची पट्टी मोडून दिली होती, म्हणजे तिच्यावर चुकून काही रेकॉर्ड होऊ नये. त्या भोकावर सेलोटेप लावली की होतं, हे मला शेजारच्या दादाने शिकवलं होतं. लावली. प्रसादने सोहेलचा त्रिफळा उडवला, आम्ही नाचलो, आणि थोड्या वेळाने वीज गेली. उरलेली मॅच रेडिओवर ऐकली. मग मी काय केलंय ते माझ्या लक्षात आलं, आणि कॅसेट गुपचूप जागेवर ठेवली.

आजोबांच्या वर्षश्राद्धाला सगळे जमले तेव्हा आईने ती लावली. मुंजीच्या जागी सईद अन्वर! आईने लगेच बंद केली. बाबा मॅच टेप करायचे हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे बोलणी त्यांनाच बसली. बाबांनी कॅसेट हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "झालं असेल माझ्याकडून." मी समोरच होतो. दहा वर्षांचा. गप्प बसलो. बाबा २०१८ मध्ये गेले, तोवर आई त्यांना हे अधूनमधून ऐकवायची.

परवा कॅसेट हातात घेतली तर ती सेलोटेप अजून तिथेच आहे, पिवळी पडलेली. बाबांना ती दिसली नसेल असं होणारच नाही.

कॅसेट लावली. सव्वा तास मॅच. मग चित्र उड्या मारायला लागलं, सिग्नल तुटला आणि प्रोग्रॅमने उतरवणं आपोआप बंद केलं. संपलं म्हणून मी चहा टाकायला उठलो. व्हीसीआर चालूच होता. आतून आवाज आला, "अरे, ह्या पानावर जिलबी वाढा!"

आजोबा!

मुंज लागलेली गेली, मंगलाष्टका गेल्या. पण पंगत सगळी आहे, भिक्षावळ आहे. सोवळं नेसलेले आजोबा पानापानाशी थांबून आग्रह करतायत, मागे बाबा तुपाचं भांडं घेऊन. त्या दिवशी वीज गेली नसती तर हेही गेलं असतं. मी कॅसेट मागे नेऊन पुन्हा उतरवायला लावली आणि खाली बसून राहिलो. चहा उतू गेला.

डिस्क करताना मॅच कापून टाकणं सहज शक्य होतं. नाही कापली.

डिस्क मिळाल्यावर आत्याचा फोन. आधी रडली. मग म्हणाली, "पण सुरुवातीला ती मॅच कशाला रे ठेवलीस?" तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "माझ्या भावाला उगाच बोलणी खायला लावलीस हो."

आईला अजून सांगितलेलं नाही. पण मी लिहिलेलं ती सगळं वाचते. आई, संध्याकाळी फोन करतो.