मामाची झेनिट आणि शनिवारचा बाजार

शनिवारी सकाळी आटपाडीच्या बाजारात मी एका मेंढ्याच्या नाकासमोर उकिडवा बसलो होतो. पाच मिनिटं! माडग्याळी मेंढा, पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक, आणि स्वतःची किंमत ठाऊक असल्यासारखा रुबाब. (असणारच. 2020 साली इथल्याच एका मेंढ्याला 70 लाखांची बोली लागल्याची बातमी देशभर गाजली होती.) डाव्या हातानं मी लेन्सची फोकसची कडी केसभर फिरवत होतो. आधी नाकावरची लव स्पष्ट झाली, मग ती विरघळून डोळा आला, मग डोळ्यात बाजार! अहो, खरंच, बुबुळात फेटे दिसत होते!

ही लेन्स मामाची. आमच्या आटपाडी-खानापूरकडची कितीतरी घरं गलाईच्या धंद्यापायी, सोनं-चांदी गाळायला, देशभर पांगलेली. मामाही त्यातलाच. तिकडून त्यानं कधीकाळी झेनिट नावाचा रशियन कॅमेरा आणला होता. दिवाळीत पेटी उघडली तर शटर कायमचं अडकलेलं, पण पुढची लेन्स ठणठणीत. हेलिओस 44-2, 58 मिलिमीटर, एफ 2. जर्मनीतल्या कार्ल झाईसच्या बायोटारवरून रशियनांनी उचललेली. हातात घेतली तर अडकित्त्यासारखी जड.

ती माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसते, हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. जुन्या कॅमेऱ्यांत लेन्स आणि फिल्मच्या मध्ये आरसा हलायचा, म्हणून तिथं 45.46 मिलिमीटरची जागा सोडलेली. माझ्या सोनीत आरसाच नाही, अंतर अवघं 18. मधली 27 मिलिमीटरहून थोडी जास्त फट भरायला एक पोकळ ॲल्युमिनियमची कडी पुरते. आत काच नाही, तार नाही, काही नाही! कॅमेऱ्याला मात्र पुढे लेन्स आहे हेच समजत नाही. तो रुसून बसला. मेनूत खोल कुठंतरी ‘लेन्सशिवाय शटर’ चालू केलं, तेव्हा कुठं खट्ट वाजलं.

बाजारात पहिला तासभर नुसती फजिती. एफ 2 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं की, मीटरभरावरच्या माणसाचं जेमतेम बोटभर स्पष्ट येतं. म्हातारा मान हलवायचा आणि त्याच्या मिशांऐवजी कानातली बाळी लख्ख यायची. कडेच्या उजेडाचे ठिपके चपटे होऊन चेहऱ्याभोवती गरगरायचे. ही त्या लेन्सची खोड, आणि मला तीच आवडली. खुरांनी उडवलेल्या धुळीतून कोवळं ऊन थेट काचेवर आलं की सगळं चित्र ताकासारखं पांढुरकं. माझी नवी लेन्स हे कधी होऊच देत नाही, म्हणून तिच्या फोटोत ती धूळ कधी दिसलीच नव्हती!

मग युक्ती सापडली. छिद्र बारीक करून एफ 8, कडी तीन मीटरवर, आणि हात काढून घ्यायचा. माझ्या कॅमेऱ्यात तीन मीटरच्या आसपास पाऊण-एक मीटरची पट्टी स्पष्ट येते. मग फोकस करायचाच नाही. त्या पट्टीत कोण येतंय याची वाट बघायची. घोंगडं येतं. कोकरू काखेत मारलेली बाई येते. मी पावलं मोजत मागंपुढं सरकत होतो, तेवढ्यात एक लाल फेटा म्हणाला, “पावनं, फोटू काढताय का मोजमाप घेताय?”

त्याच्याच शेजारी सौदा चालला होता. दोघांचे हात एका रुमालाखाली. तोंडं गप्प, नजरा तिसरीकडं, आणि कापडाखाली बोटं दाबून भाव ठरतोय. मी लेन्स पुन्हा एफ 2 वर उघडली, रुमालाच्या काठावरचा सुटलेला धागा पकडला. रुमाल थरथरला, धागा निसटला. कडी जरा मागं. पुन्हा पकडला. खट्ट!

त्या दोघांतल्या दलालानं हात सोडवला, माझ्याकडं वळून दरडावलं, “दाखवा.” मी स्क्रीन पुढं केली. त्यानं चष्मा कपाळावर सारला, बराच वेळ डोळे बारीक करून बघितलं आणि हळूच विचारलं,

“आत भाव दिसत न्हाई न्हवं?”