पाण्याला वाट हवी



मोटारीच्या छतात जी काचेची खिडकी असते तिला सनरूफ म्हणतात. नवी गाडी घेताना ती मोठ्या हौसेने निवडली जाते. गाडी जुनी झाली की पुष्कळदा पावसाळ्यात तिथूनच पाणी गळू लागते आणि जो तो एकच उपाय सांगतो, ‘ती काच कायमची बंद करून टाका.’ माउली, या गळतीची दुरुस्ती यंदा मी जवळून पाहिली. ती पाहताना आपल्या संप्रदायातली एक जुनीच गोष्ट मला नव्याने उमगली. म्हणून हे चार शब्द.

आम्ही धनकवडीला राहतो. आमची गाडी १४ वर्षांची, तीही सेकंडहँड घेतलेली. मार्गशीर्षात आई गेली आणि माझे वडील, आप्पा, गावाहून आमच्याकडे राहायला आले. त्यांनी २७ वाऱ्या पायी केल्या आहेत. आता गुडघे साथ देत नाहीत. गाडीत पुढे डाव्या बाजूला बसायचे, मान मागे टाकायची आणि वरच्या काचेतून आभाळ पाहत राहायचे, एवढाच त्यांचा विरंगुळा उरला होता. एरवी ते फारसे बोलत नसत. आई गेली तेव्हाही त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले नाही. भेटायला येणारी माणसे म्हणत, ‘आप्पा किती खंबीर आहेत!’ आई-आप्पा सांजेचा हरिपाठ नेहमी मिळून म्हणत. आई गेल्यापासून ते पुस्तक कोनाड्यात तसेच पडून होते.

मृगाचे दोन मोठे पाऊस झाले आणि गाडीत नेमका आप्पांच्या पायाखालचा गालिचा भिजला. कुबट वास सुटला. त्यांना दमा आहे, त्यात खोकला वाढला. मुलगा म्हणाला, ‘आई, विकून टाकू ही गाडी.’ एका गॅरेजमध्ये सांगितले, ‘ताई, चारी बाजूंनी सिलिकॉन भरतो आणि वरून शीट चिकटवतो. कटकट मिटेल.’ कटकट मिटली असती, पण आप्पांचे आभाळही मिटले असते.

मग मी नाना पेठेत गेले. गाड्यांच्या सुट्या भागांचा तिथला बाजार पुणेकरांना ठाऊक आहे. काचेचे रबर बदलावे म्हणून गेले होते. तिथल्या एका वयस्क मिस्त्रींनी रबरावरून बोट फिरवले आणि म्हणाले, ‘रबर चांगले आहे ताई. पण थोडे पाणी आत येणारच. सगळे पाणी अडवणे हे रबराचे काम नव्हे.’

मला नवल वाटले. त्यांनी काच उघडून दाखवली. काचेच्या कडेने आत एक पन्हळ असते. रबराच्या फटीतून झिरपलेले पाणी या पन्हळीत पडते. पन्हळीच्या चार कोपऱ्यांना चार बारीक नळ्या जोडलेल्या असतात. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांतून खाली उतरतात, मागच्या दोन मागच्या खांबांतून. काही गाड्यांत त्यांचे तोंड दाराच्या बिजागरीपाशी निघते, काहींत चाकाजवळ. म्हणजे पाणी आत येणार हे गाडी बनवणाऱ्याने धरूनच चाललेले असते. त्याने सोय केलेली असते ती पाणी बाहेर जाण्याची. नळी तुंबली की पन्हळ भरते, पाणी छताच्या कापडात मुरते आणि खांबाच्या आतून पायाशी उतरते.

मिस्त्रींनी पेलाभर पाणी घेऊन एकेका कोपऱ्यात थोडे थोडे ओतले. तीन कोपऱ्यांतले पाणी लगेच खाली गेले. पुढच्या डाव्या कोपऱ्यातले तसेच उभे राहिले. आमची गाडी सोनमोहराखाली उभी असते. त्याच्या पिवळ्या पाकळ्या, पाने आणि रस्त्याची धूळ यांचा तिथे चिखल झाला होता. मी म्हटले, ‘हवा मारा ना जोरात.’ ते म्हणाले, ‘जोराची हवा मारली तर नळी आतल्या आत सांध्यातून निसटते. मग सगळे छत उतरवावे लागते. याला बळ चालत नाही.’ त्यांनी गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी घेतली, तिचे टोक गोल केले आणि हळूहळू आत सरकवली. थोडी आत, थोडी बाहेर, पुन्हा पेलाभर पाणी. अर्ध्या तासाने दारापाशी काळे पाणी ठिबकले, मग धार लागली, आणि शेवटी स्वच्छ पाणी आले. गालिचा उचलून खालचा फोम वाळवायला चार दिवस गेले. ते केले नाही तर वास राहतो आणि पत्राही गंजतो.

पुण्याला ही विद्या नवी नाही. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळाने शहरात आणले. केवळ उताराच्या बळावर ते शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पोचत असे. त्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. तिथून हवेला वाट मिळे आणि आत उतरून गाळही काढता येई. वाहत्या पाण्याबरोबर गाळ येणारच, हे त्या बांधणाऱ्यांनीही धरूनच बांधले होते.

गालिचा वाळत होता त्या चार दिवसांत माझ्या मनात आप्पांचाच विचार होता. आपण दुःखाला आत येऊ न देण्याला खंबीरपणा म्हणतो. पण जो संसारात आहे त्याच्या घरात दुःख झिरपणारच. आपल्या संतांनी संसाराची दारे लावून घ्यायला सांगितले नाही. त्यांच्याही घरी दुष्काळ आला, मरण आले, लोकांची निंदा आली. त्यांनी त्याला नामाची, कीर्तनाची, संतांच्या भेटीची वाट करून दिली. आप्पांच्या मनाची ती वाट हरिपाठाची होती आणि आईच्या जाण्याने तीच बुजली होती. ‘आप्पा, रडा, मन मोकळे करा,’ असे आम्ही किती वेळा म्हटले! ती जोराची हवाच झाली.

पुढे ज्येष्ठ वद्यात पालख्या पुण्यात आल्या. तुकोबारायांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात आणि माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबापाशी मुक्कामाला असते. पेठांतले रस्ते बंद असतात, म्हणून गाडी लांब लावली आणि आप्पांना व्हीलचेअरवरून नेले. दिंडीतले त्यांचे जुने टाळकरी सोबती भेटले. त्यांनी वाकून आप्पांच्या पायांना हात लावला, आप्पांनी खुर्चीतूनच त्यांच्या पायांकडे हात नेले. सोबत्यांनी विचारले, ‘माउली, वहिनी कुठे दिसत नाहीत?’ त्यांना कळलेच नव्हते. आप्पांनी त्यांचा हात धरला आणि सात महिन्यांचे पाणी डोळ्यांतून वाहू लागले. सोबती एक शब्दही बोलले नाहीत. हात हातात घेऊन शेजारी बसून राहिले.

परतताना पावसाने झोड उठवली. काचेवर थेंब वाजत होते, आप्पांचे पाय कोरडे होते. स्वारगेटपाशी गाड्यांच्या गर्दीत अडकलो असताना आप्पांनी हळू आवाजात हरिपाठ सुरू केला. आईच्या वाटचा भाग आला तेव्हा ते थांबले. तो मी म्हटला. तेव्हापासून रोज सांजेला आम्ही दोघे बसतो. एखाद्या दिवशी त्यांचा आवाज भरून येतो. आम्ही थांबतो आणि पुन्हा सुरू करतो.

माउली, ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी मृगाआधी चारही कोपऱ्यांत पेलाभर पाणी ओतून पाहावे. कोपरे ओल्या फडक्याने पुसावेत. एवढे दरवर्षी केले की पुरते. आणि ज्यांच्या घरी कोणी नुकतेच गेले आहे आणि मागे राहिलेला माणूस फार खंबीर दिसतो आहे, त्यांनी सांजेला त्याच्या शेजारी बसून हरिपाठाचे पुस्तक उघडावे. तो म्हणाला नाही तरी आपण म्हणावे. हे एका दिवसात होत नाही. रोज थोडे थोडे करावे लागते.

रामकृष्ण हरी.