खणातलं गिधाड

नातू मुंबईला प्राणिशास्त्र शिकतो. मागच्या मार्गशीर्षात त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्यानं मला आधी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेलं. तिथं प्राण्यांच्या दालनात काचेआड पक्षी असे बसवलेत, की टाळी वाजवली तर उडतील. मग परवानगी काढून जवळच्याच बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत. 1883 साली आठ हौशी माणसांनी ही संस्था काढली. दालनातला मूळ संग्रहही तिचाच.

इथं मांडामांड नाही. नुसती कपाटं आणि खण. खणात कापूस भरलेले पक्षी पाठीवर निजवलेले, प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी: कुठं सापडला, कोणत्या तारखेला, कुणी आणला. सगळे प्राणी मिळून लाखावर नमुने आहेत. मला हसू आलं. आपण बियाण्याच्या मडक्यालाही चिठ्ठी बांधत नाही! तिथल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, चिठ्ठी नसेल तर हा नुसता कापूस. कोणता पक्षी पूर्वी कुठं होता, ते हिच्यावरूनच कळतं."

एका खणात गिधाड निघालं.

"आबा, हे आपल्या गावात होतं?" नातवानं विचारलं. त्याचा जन्म 2005चा.

होतं का म्हणून काय विचारतोस! माळावर ढोर टाकलं, की घटकाभरात आभाळातून थवा उतरायचा. दुपारपर्यंत नुसता सांगाडा. आम्ही पोरं लांबून दगड मारायचो.

1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एखादं उरली. याच संस्थेच्या माणसांनी ती मोजली. कारण 2004 साली उघड झालं. ढोरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफेनॅक. ते अंगात असलेलं ढोर खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. 2006 साली सरकारनं ते ढोरांसाठी बंद केलं. मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही. डॉक्टरांकडे तेच मागावं.

1998 साली माझा बैल सुजून बसला होता. त्याला दोन दिवस सुया दिल्या, तिसऱ्या दिवशी तो गेला. आम्ही त्याला माळावर ओढून टाकला. सुई कसली, मी विचारलं नव्हतं.

हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी वही उघडली. "शेवटचं गिधाड कधी पाहिलंत? कुठं?"

कुठं ते सांगितलं. तारीख मात्र आठवेना.