बॉनेट तापलेलं होतं

सिरॅमिक कोटिंगची पहिली बाटली मी मे महिन्यात उघडली. परभणी जिल्ह्यात त्या दिवसांत पारा 42 अंशांच्या पुढे जातो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ऊन टाळायचं म्हणून संध्याकाळ निवडली, गाडी शेडमध्ये घेतली आणि तेवढ्याने भागेल असं धरून चाललो. पण गाडी नांदेडहून नुकतीच चुडाव्याला आली होती. बॉनेटखाली तापलेलं इंजिन, डोक्यावर शेडच्या पत्र्याची धग. द्रावण फोमवर घेऊन पसरायला लागलो, तर हात दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचं वाळलेलं. पुसून सपाट करायला गेलो, तर फडकं अडखळायला लागलं. सकाळच्या उजेडात गडद निळ्या रंगावर तेलकट, सप्तरंगी झाक असलेले पट्टे दिसले. ते पाण्याने जाईनात, शाम्पूने जाईनात.

बाटलीत सिलिकाचे घटक असतात आणि त्यांना पातळ ठेवणारं द्रावक असतं. द्रावक उडून जातं, मग उरलेलं हवेतल्या ओलाव्याशी जुळून कडक थर धरतं. पत्रा गरम असला की द्रावक भराभर उडतं आणि थर सारखा करायला जो वेळ मिळायचा तो मिळत नाही. बहुतेक बाटल्यांवर लावण्याचं तापमान साधारण 10 ते 30 अंश दिलेलं असतं. मी ते वाचलं होतं, पण ते हवेचं आहे असं समजलो. खरं तर ते पत्र्यालाही लागू असतं. शिवाय मे महिन्यातल्या संध्याकाळी आपली हवासुद्धा त्यात बसत नाही. हे काम आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतलं आहे.

पट्टे घालवायला कंपाउंड लावून घासावं लागलं, आणि खरं नुकसान तिथे झालं. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन भरतात. त्यातला सर्वांत वरचा, चमक देणारा क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रंगाचं ऊन-पावसापासून रक्षण करतो तो हाच थर, आणि घासून गेलेला क्लिअर कोट परत येत नाही. वर चढवायचं कोटिंग एक-दोन मायक्रॉनचं, आणि त्याच्यापायी मी खालचा कायमचा थर झिजवला.

त्या आधीची निवडही चुकलेलीच होती. सुरुवातीला टेफ्लॉन कोटिंग करून घेतलं होतं. तव्यावर टेफ्लॉन टिकतं, कारण ते 350 अंशांहून जास्त उष्णतेत भाजून पक्कं केलेलं असतं. गाडीचा रंग एवढी उष्णता सोसूच शकत नाही. म्हणजे माझ्या गाडीवर होतं ते एक चांगलं पॉलिश, आणि ते पावसाळ्यानंतर उरलं नाही. मग ‘9एच’ हा आकडा वाचून सिरॅमिककडे वळलो. नऊ म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल कठीण, असा माझा समज. तो आकडा खनिजांच्या काठिण्याचा नाही. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली थरावर ओढून ओरखडा उठतो का, हे पाहण्याच्या चाचणीतला तो आहे. उसाच्या ट्रॉलीमागून जाताना उडालेल्या खडीने बॉनेटचे टवके उडाले, तेव्हा या चाचणीचा काही उपयोग नव्हता. खडीचा मार झेलायला जाड काहीतरी लागतं. पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पॉलियुरेथेनची फिल्म, 150 ते 200 मायक्रॉनची असते. ती महाग आहे, पण पूर्ण गाडीला लावायचीच असं कुठे आहे?

यापेक्षा मला जास्त शिकवलं ते केशरी ठिपक्यांनी. दुसऱ्यांदा कोटिंग नीट थंडीत केलं, थर सारखा बसला, आणि काही महिन्यांत दारांवर, डिकीवर टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे ठिपके उमटले. रंगच खराब आला म्हणून मी शोरूमला दोष देत फिरलो. नांदेडला डेंटिंग-पेंटिंग करणारे एक उस्ताद आहेत. त्यांनी हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून दारावरून फिरवली आणि मलाही फिरवायला लावली. पिशवीतून खरखर स्पष्ट लागत होती.

“सर, गाडी उभी कुठं करता?”

“स्टेशनाजवळ. घरच तिथं आहे.”

“मग हे रुळावरचं लोखंड हाय. कोटिंगच्या आधी काढाया पाहिजे होतं. तुम्ही ते आत कोंडलं.”

पूर्णा-नांदेड मार्गावर रेल्वेची ये-जा सुरूच असते. चाकं, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून लोखंडाचे बारीक कण उडतात, तापलेल्या रंगावर बसून रुततात आणि तिथे गंजतात. साध्या धुण्याने ते निघत नाहीत. लोखंड विरघळवणारा फवारा मारला की त्या जागी जांभळे ओघळ येतात. मग उरलंसुरलं क्ले बारच्या मऊ वडीने, भरपूर ओल ठेवून, अलगद काढायचं. माझ्या दारांवरून जांभळं पाणी वाहिलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या गावात राहतो, तिथे हवेतून काय पडतं याचा विचार मी केलेला नव्हता.

पाण्याचंही तसंच. आमच्या बोअरचं पाणी जड, बादलीच्या काठावर पांढरं कीट धरणारं. कोटिंग केलेल्या रंगावर पाणी पसरत नाही, थेंब गोळा होऊन बसतो. तो थेंब उन्हात जागीच वाळला की क्षारांचं कडं मागे राहतं. कोटिंगच्या जाहिरातीत ज्या थेंबांचं कौतुक असतं, तेच थेंब बोअरच्या पाण्याच्या गावात डाग पाडतात. आता मी गाडी उजाडताच धुतो आणि एकेक भाग लगेच टिपून घेतो. ताजे डाग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने निघतात, जुने मात्र क्लिअर कोटमध्ये खोल उतरतात. मराठवाड्यात गाडीसाठी प्यायचं पाणी वापरणं मला पटत नाही. पावसाळ्यात छतावरचं पाणी टाकीत धरतो, शेवटचा हात त्याचा.

आणि सकाळी निघण्याआधी कोरडं फडकं मारायची सवय! सगळ्या गावाला आहे, मलाही होती. धुळीत मुरमाचे कण असतात; रोज तेच रंगावर घासत होतो. उन्हात दिसणारी गोल गोल जाळी त्यातूनच आली. कुठलंही कोटिंग याला पुरून उरत नाही.

सर्वांत महागात पडलेली चूक वरून दिसणारी नव्हतीच. गाडीच्या पोटाला डांबरी कोटिंग करून घेतलं, आणि करणाऱ्याने दारांच्या आणि उंबऱ्याच्या खालची पाणी निथळायची भोकंही बुजवली. मी खाली वाकून पाहिलं नाही. काळ्या मातीचा चिखल आणि पावसाचं पाणी आत साचलं, पत्रा आतून कुजला. वरून चकचकीत असलेल्या दाराची खालची कड बोटाने दाबली तर आत गेली. ते दार कापून जोडावं लागलं. आता रोहिणी लागायच्या आत तारेने प्रत्येक भोक मोकळं करतो आणि दारांच्या पोकळीत मेणाचा फवारा मारून घेतो.

यंदा दसऱ्याला पुतण्याने गाडी घेतली. “काका, सिरॅमिक करू का पीपीएफ?” असं त्याने विचारलं, तेव्हा मी त्याला ती कुठे उभी राहणार ते विचारलं. शेतातल्या आखाड्यावर, कडुनिंबाखाली; आणि रोजचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांचा. त्याला बॉनेटची पुढची पट्टी, आरसे आणि दारांच्या कडा एवढ्याला पीपीएफ लावायला सांगितलं, बाकी गाडीला तीन-चार महिन्यांनी मेण. पक्ष्यांची घाण उन्हात रंगाला खाते, म्हणून ओलं फडकं आणि पाण्याची बाटली कायम डिकीत. डांबरी कोटिंगचं अजून ठरलेलं नाही. करायचं झालं तर भोकांना आधी चिकटपट्टी लावायला मी स्वतः तिथे थांबणार आहे.